नाय म्हाराजा!

मिसच्या फाटकावर एक पाटी होती. पत्र्याची, निळ्या रंगाची, अक्षरं त्यांनी स्वतः ब्रशने काढलेली: ‘खोली भाड्याने मिळेल. फक्त शोध करणाऱ्यांस. पर्यटकांनी बेल वाजवू नये.’ आता मला सांगा, आरोंद्यापासून वर मालवणापर्यंत ज्याच्या अंगणात चार माड आहेत तो खोल्या रंगवून पर्यटकांची वाट बघत बसतो. आणि या बाईंच्या मागच्या पायरीला तर खाडीच लागलेली. पण चुकून कोणी पर्यटक आलाच, तर मिस त्याला विचारायच्या, “काय शोधूक इलंस?” तो बिचारा म्हणायचा, “शांतता.” “मगे बोलतंस कित्याक?” असं म्हणून मिस दार लावून घ्यायच्या.

मी शोध करणाऱ्यांत मोडत होतो. म्हणजे नाइलाजाने मोडत होतो. गाव माझं नांदगाव, हायवेच्या अंगावरचं. बायको आणि मुलगी तिकडे. मी एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचो, तेही कंत्राटावर. पीएचडी झाली तर नोकरी कायम, नाही झाली तर हातात नारळ. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली होती आणि ही शेवटची, पुन्हा तोंड दाखवू नका, हेही सांगितलं होतं. विषय होता मच्छीमार सहकारी संस्थांचं व्यवस्थापन. खाडीकाठच्या गावांत हिंडायला बरं म्हणून मी आरोंद्याला खोली शोधत होतो. माझ्या डोक्यावर टांगती तलवार, आणि घरमालकीण मिळाली ती अशी.

मिस म्हणजे निवृत्त शिक्षिका. जन्मभर हायस्कूलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे गावातला पाद्री, पंच, पोस्टमन, सगळे त्यांचे विद्यार्थी, आणि सगळे त्यांना ‘मिस’च म्हणायचे. आजोळ गोव्याचं. पोटरीपर्यंत फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, हातात बारमाही छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसात त्या रेनकोट घालायच्या. छत्री होती ती टोचायला आणि दाखवायला. भाडेकरूंना नावाने हाक मारायची नाही, विषयाने मारायची, अशी त्यांची रीत. माझ्या शेजारच्या खोलीत कोल्हापूरकडची एक डॉक्टरीण होती. पाकट माशाच्या शेपटीचा काटा लागून मच्छीमारांना ज्या जखमा होतात त्यांवर तिचा एमडीचा प्रबंध चाललेला. तिचं नाव पडलं ‘जखम’. पलीकडच्या खोलीत पुण्याचा एक मुलगा कांदळवनातल्या खेकड्यांवर काम करायचा. तो ‘कुर्ली’. आणि मी ‘मॅनेजमेंट’. सकाळी विहिरीवरून आरोळी यायची, “ए मॅनेजमेंट, पाणी वोड! जखमेक आंघोळ करूची आसा!” रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मिसचं एक वाक्य होतं: “मान तां नंदीबैल पण हलयता.” कोणी त्यांचं बोलणं ऐकताना मान डोलावली की छत्रीचं टोक त्याच्या छातीकडे यायचं. “काय कळलां तां सांग.” फादर सुद्धा सुटायचे नाहीत. रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की दारातच त्यांना गाठून, “फादर, आवाज बरो लागलो. पण मधलां काय तां माका कळूक नाय.” फादर आपले हसून पुढच्या माणसाकडे वळायचे.

मासे घेऊन येणाऱ्या बाईशी तर रोजचा तमाशा.

“बांगडो ताजो आसा?”

“ताजो मिस, आताच इलो.”

“काल आणलंलंस तो?”

“तो पण ताजोच होतो.”

“आणि परवाचो?”

“मिस, माझो बांगडो कधी शिळो नसताच!”

“मगे तू ‘ताजो’ म्हणतंस त्याका काय अर्थ, गो? जी बाई कधीतरी ‘आज घेव नको’ म्हणता, तिच्याच ‘ताजो’क किंमत.”

ती बाई टोपली उचलायची, शिव्या घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यांदा मिसच्याच दारात यायची. एकदा मात्र तिने फाटकातूनच ओरडून सांगितलं, “मिस, आज घेव नको!” मिस इतक्या खूश झाल्या की तिला आत बोलावून चहा पाजला. मला तेव्हा हे सगळं रिकामपणाचे उद्योग वाटायचे. मला म्हणाल तर मी चहा, बांगडा आणि प्रबंध, तिन्ही लवकर उरकणारा माणूस.

आता शनिवारच्या गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यानेच घडलं.

आमच्याकडे काहीही शुभ करायचं, नाहीतर काहीही संकट आलं, की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस नारळ ठेवून मोठ्याने देवाला सांगतो की, बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज अशीअशी उभी आसत, त्यांचां बरां कर. आणि दर वाक्याला मागचे सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” मिसच्या शेजारी गावकरांचं, म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांचं, घर. लहानपणापासून कुंपणापलीकडची गाऱ्हाणी ऐकून ती त्यांना तोंडपाठ. दर शनिवारी संध्याकाळी चहानंतर आम्ही तिघांनी ओसरीवर बसायचं, आणि एकेकाने उभं राहून आठवड्यात काय शोधलं ते गाऱ्हाण्यासारखं सांगायचं, ही खोलीची अट होती. बाकीच्यांना पटलं तर “व्हय म्हाराजा”. नाही पटलं तर मिसनी एक नवीनच जबाब काढला होता. छत्री जमिनीवर आपटून त्या म्हणायच्या, “नाय म्हाराजा!”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरलोच. अहो, गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हणतं? जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, “मिस, देवाधर्माची थट्टा नको.”

“थट्टा कोण करता? देवाक खोटां सांगूचां नसता ना? मगे ह्या शोधातव सांगूचां नाय. देव तुमचो, रीत गावची, ओसरी माझी. सांग.”

डॉक्टरीण बिचारी दर शनिवारी घामाघूम. ती सांगायची, “बा देवा महाराजा, काटा लागलेल्या माणसाला इतक्या दिवसांनी बरं वाटतं.” तिचं ते घाटावरचं गाऱ्हाणं ऐकून आम्हाला हसू आवरायचं नाही. मिस हसायच्या नाहीत. “नाय म्हाराजा! तुझ्याकडे येतत ते हॉस्पिटलात येतत. ज्याचो पाय घरातच बरो झालो, तो तुका खंय गावलो?” डॉक्टरीण रात्रभर फुगून बसली आणि सोमवारपासून घरोघर जायला लागली. कुर्लीचंही तेच. तो म्हणे, हे खेकडे अमुक झाडाखालीच राहतात. मिस म्हणाल्या, त्या झाडाखाली सावली म्हणून तूच तिथे बसतोस. पोराने कान पकडले.

मी मनात म्हणायचो, यांचं ठीक आहे, यांच्याकडे पाय आहेत, खेकडे आहेत. माझ्याकडे पक्के आकडे आहेत. माझ्या अंगाला काय लागणार?

माझी माहिती गोळा करून झालेली होती, आणि काय सुंदर आली होती! निर्णय घेताना सभासदांना विचारतात का? हो. हिशेब वाचून दाखवतात का? हो. पदाधिकाऱ्यांवर विश्वास आहे का? हो. गावोगाव हेच. माझे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, “इतका स्वच्छ निष्कर्ष मी पाहिला नाही. बांधून टाका आणि सादर करा.” मी नांदगावला बायकोला फोन लावला. ती गेली काही वर्षं एकच प्रश्न विचारायची, “झालो काय तुमचो प्रबंध?” आणि मी म्हणायचो, “होतलो, होतलो.” त्या दिवशी मी ऐटीत सांगितलं, “झालोच समज.”

त्या शनिवारी मी गाऱ्हाणं घातलं ते अगदी खणखणीत. बा देवा म्हाराजा, आमच्या मच्छीमार संस्था सगळ्यांच्या विचाराने चालतात! जखम आणि कुर्ली म्हणाले, “व्हय म्हाराजा!” लोकांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे! “व्हय म्हाराजा!” मिस गप्प. मी खाली बसणार, तेवढ्यात छत्री आपटली.

“नाय म्हाराजा.”

“काय नाय?” माझा पारा चढलाच. “सगळ्यांनी सांगितलंय मिस. एकाही गावात कोणी नाही म्हटलेलं नाही.”

“तांच तर! मेल्या, हयसर दोन भावांचां एका माडार एकमत होणा नाय, आणि सगळो गाव सगळ्या प्रश्नांक व्हय म्हणता? खंय बसान इचारलंस?”

“देवळाच्या सभामंडपात. सगळे एकत्र भेटतात म्हणून.”

“इचारलां कोणी?”

“प्रश्न मीच केले. माझा आवाज मागपर्यंत जाईना, म्हणून त्या त्या गावचे गावकर वाचून दाखवायचे. सगळीकडे तसंच.”

“उभो रवान?”

“उभे राहून.”

“कसे वाचल्यानी?”

मी म्हटलं कसे म्हणजे काय, वाचतात तसे. मिस उठल्या. ओसरीच्या कडेला जाऊन खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि माझा पहिला प्रश्न त्यांनी गावकराच्या सुरात लावला. खर्जात सुरुवात, मध्ये चढ, शेवटी लांबवलेला हेल: “बाबांनो, संस्थेचो निर्णय घेताना... सगळ्या सभासदांचो इचार घेतलो जाताऽऽ...”

आणि माझ्या तोंडून, माझ्या स्वतःच्या तोंडून हो, आपोआप निघून गेलं, “व्हय म्हाराजा!” कुर्लीच्या तोंडूनही. पुण्याचा पोरगा, पण इतक्या शनिवारांत तोही बाटलेला. आणि तेवढ्यात रस्त्यावरून पाववाला पोदेर सायकलवर चालला होता, भोंगा वाजवत. त्याला ना संस्था माहीत, ना प्रबंध. त्यानेही सायकल न थांबवता मोठ्याने जबाब दिला, “व्हय म्हाराजाऽऽ!” आणि वळणावरून निघून गेला.

डॉक्टरीण हसून हसून पायरीवर बसली. माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. मी गावागावांत जाऊन प्रश्न विचारले नव्हते, गाऱ्हाणी घातली होती. देवळात, उभ्या माणसाने, त्या सुरात काही म्हटलं तर आमचा माणूस दुसरं काय म्हणणार? मी त्याच मातीतला, मला ते तिथे कळलं नाही. घाटावरच्या संशोधकाला निदान नवल तरी वाटलं असतं!

त्या रात्री मी जेवलो नाही. मिसचा, पोदेराचा, सगळ्या सहकार चळवळीचा मला संताप आला होता. मुदत डोक्यावर. पुन्हा सगळं करायचं तर होईल की नाही कोण जाणे. आणि न करता सादर केलं तर कोणाला कळणार होतं? मार्गदर्शक खूश, विद्यापीठ खूश. मुलीच्या शाळेचा विचार करून करून डोकं फिरायची वेळ आली.

सकाळी मिस पेजेचा वाडगा घेऊन दारात. छत्री काखेत.

“सादर कर,” त्या म्हणाल्या. “मी काय तुझी परीक्षक न्हय. माझ्या ‘नाय’न तुझी नोकरी जाता नये.”

मी वाडगा घेऊन बाजूला ठेवला.

“मी पण एकदा शोध केलेलंय,” त्या तिथेच उंबऱ्यावर टेकून म्हणाल्या. “ह्याच खाडयेतल्या तिसऱ्यांवर, शिंपल्यांवर. तरण्यापणी. तिसऱ्या कमी होतत, असां लिवलंय. सरांनी वा वा केल्यानी, कॉलेजान वा वा केल्यान, छापून इलां. माझ्या पप्पान ता फ्रेम करून भिंतीक लावल्यान. आणि मगे खूप वर्षांनी एक दिवस होडयेत बसल्यार माझ्या ध्यानात इलां. होडी ज्या काठाक लागता, त्याच काठार मी तिसऱ्या मोजलंय. पलीकडच्या काठार मी गेलंयच नाय. कोणी इचारूकव नाय. सगळ्यांनी माका व्हय म्हटल्यानी.” त्यांनी छत्री उंबऱ्याला टेकवली. “माझ्यार प्रेम करणारी माणसां होती रे ती. पण एकान जरी नाय म्हटलां असतां तर...”

“पेज थंड जाता,” एवढं म्हणून उठल्या. मला एकदम भडभडून आलं. फाटकावरची पाटी, शनिवारची ओसरी, ती आपटणारी छत्री, सगळ्याचा अर्थ लागला. ही बाई आम्हाला छळत नव्हती. तिला जे कधी मिळालं नाही, ते ती आम्हाला पेजेबरोबर फुकट वाढत होती.

मी पेज प्यायलो आणि कामाला लागलो. दुसरं काय करणार?

आणि मग गंमत झाली. मॅनेजमेंटला जखम आणि कुर्ली धावून आले. डॉक्टरीण म्हणाली, “तुमचे प्रश्नच चुकलेत. पेशंटला ‘दुखतंय का’ विचारलं की तो हो म्हणतो. ‘कुठे दुखतंय, बोट ठेवा’ म्हटलं की बोट बरोबर जागेवर जातं.” म्हणून मी प्रश्न बदलला: तुमचं संस्थेत शेवटचं कधी ऐकलं नाही, तेवढं सांगा. कुर्लीला भरती-ओहोटी तोंडपाठ. कुठल्या वेळी होड्या रेतीत बसलेल्या असतात आणि माणसं एकेकटी जाळी विणत बसतात, हे तो मला आदल्या दिवशी सांगून ठेवायचा. मी एकेकाजवळ जाऊन बसायचो. सभामंडप नाही, गावकर नाही, सूर नाही. आणि काय सांगू! जी माणसं देवळात व्हय म्हाराजा म्हणाली होती, तीच जाळ्याची गाठ मारता मारता म्हणायची, “आमका कोण इचारता? डिझेल खंयसून घ्यायचां तां ठरान झालेलां असता, मगे आमका बोलयतत.” एक म्हातारी मासे सुकवता सुकवता म्हणाली, “माझ्या वतीन घोव सही करी. घोव गेल्यार झील, माझो पोरगो, करता. माझो आवाज कसो आसा तां संस्थेक ठाऊकच नाय.” सगळीकडे तक्रारीच होत्या असंही नाही हं. एका गावात सगळे एकेकटे भेटले तरी खरंच समाधानी होते. पण आता त्यांच्या ‘हो’ला माझ्या लेखी वजन होतं.

निष्कर्ष आधीसारखा गुळगुळीत राहिला नाही. मार्गदर्शक कुरकुरले, “पहिला किती छान होता!” पण सादर केला. शेवटच्या दिवशी, अगदी नाकी नऊ येऊन, पण मुदतीत.

मौखिक परीक्षा विद्यापीठात, सगळ्यांना खुली. मी सभागृहात गेलो तर शेवटच्या रांगेत फ्रॉक, कॅनव्हासचे बूट आणि छत्री! दोन्ही बाजूला जखम आणि कुर्ली. पहाटेची एस.टी. पकडून आले होते. माझ्या पाचावर धारण बसली. म्हटलं, या बाईने इथे छत्री आपटली तर माझं काही खरं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक मोठे दिलदार निघाले. बराच वेळ प्रश्न विचारले, मग प्रबंध मिटून सगळ्यांकडे वळले आणि म्हणाले, “यांनी फार महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली आहे. आपल्या सहकारी संस्थांमधली संमती हा निव्वळ देखावा असतो. लोक सभेत खोटं बोलतात. साऱ्या किनारपट्टीचं हेच चित्र आहे. बरोबर ना?”

सभागृहातल्या सगळ्या माना हलल्या. मार्गदर्शक डोळ्यांनी खुणावत होते की, हो म्हणा आणि मोकळे व्हा. एक ‘हो’ आणि नोकरी कायम! मागे बघायची हिंमत नव्हती.

“नाही सर,” मी म्हणालो.

परीक्षकांनी चष्मा काढला.

“एवढं नाही म्हणता येणार. मी थोड्याच गावांत गेलो. साऱ्या किनाऱ्याचं मला माहीत नाही. आणि लोक खोटं बोलतात असंही नाही सर. देवळात सगळे मिळून हो म्हणतात, ते आम्ही एकत्र आहोत, एवढंच सांगायला. ती माहिती म्हणून घेतली, ही चूक विचारणाऱ्याची. ती मी आधी केली होती. ती पहिल्या प्रकरणात लिहिली आहे.”

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. संपलं, मी मनात म्हटलं. आता नांदगावात जाऊन काजूचा स्टॉल टाकायचा.

आणि मागून छत्री आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ खणखणीत, हेल काढून:

“व्हय म्हाराजाऽऽ!”

तिथे आमच्या बाजूची चार माणसं असतीलच. त्यांच्या तोंडून आपोआप जबाब निघाला, “व्हय म्हाराजा!” मग सगळं सभागृह हसत सुटलं. परीक्षकांनी अध्यक्षांना विचारलं, हे काय? अध्यक्षांनी त्यांच्या कानात सांगितलं. तेही हसले, चष्मा लावला, प्रबंध पुन्हा उघडून पहिलं प्रकरण चाळलं आणि म्हणाले, “माझं वाक्य मी मागे घेतो. यांना पदवी द्यावी, अशी माझी शिफारस आहे.” माझा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला की मी खुर्ची धरून खाली बसलो.

बाहेर कॅन्टीनपाशी मिस वडापावातला वडा छत्रीच्या टोकाने तपासत होत्या. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, “रव रे, बूट खराब आसत.”

“मिस, शेवटी तुम्ही व्हय म्हटलंत.”

“तुझ्या प्रबंधाक व्हय म्हणूक नाय हां. तो अजून पुरतो कळूक नाय माका. तुझ्या ‘नाय’क म्हटलंय.” आणि रुमालाने डोळे पुसले. वड्यातली मिरची तिखट होती म्हणे.

मी नांदगावला फोन लावला. पलीकडून तोच प्रश्न, “झालो काय?”

“झालो.”

“मागे एकदा फोनार पण झालोच म्हटललास.”

“तेव्हा नाय म्हणूक होयां होतां,” मी म्हटलं. “आता खरोखरच झालो.”

तिने मुलीला हाक मारून सांगितलं. मुलीच्या नाचण्याचा आवाज ऐकू आला, आणि बायकोच्या रडण्याचा.